इंग्रजीतील साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ : मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी माध्यमातून शालेय शिक्षण पूर्ण करून येणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. इंग्रजी व्याकरणाचे नियम त्यांनी शाळेतच पाठ केलेले असतात. क्रियापदाची तिन्ही रूपे त्यांना सांगता येतात आणि 'हॅव' व 'हॅज' यांतील भेदही माहीत असतो. असे असूनही नोकरीच्या अर्जात 'आय हॅव पास्ड बी.ए. इन २०१८' हे वाक्य हमखास आढळते. रजेच्या अर्जात 'माय ग्रँडफादर हॅज डाइड यस्टर्डे' असे लिहिले जाते. तोंडी परीक्षेत 'आय ॲम लिव्हिंग इन रत्नागिरी सिन्स टेन इयर्स' असे उत्तर मिळते. ही वाक्ये लिहिणारा विद्यार्थी नेहमीच निष्काळजी किंवा अभ्यासात मागे असतो, असे नाही. अनेकदा उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या लेखनातही हेच दोष दिसतात.

या दोषांचे मूळ नियमांच्या अज्ञानात शोधण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात ते अन्यत्र शोधण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्रजीतील 'प्रेझेंट परफेक्ट' आणि मराठीतील 'पूर्ण वर्तमानकाळ' ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असे गृहीत धरून अध्यापन केले जाते. वस्तुतः या दोन रूपांचे कार्यक्षेत्र काही ठिकाणी जुळते आणि अनेक ठिकाणी जुळत नाही. विद्यार्थ्याची चूक बहुधा न जुळणाऱ्या जागीच होते आणि ती करताना तो आपल्या मातृभाषेच्या व्यवस्थेशी पूर्णपणे प्रामाणिक असतो.

पारिभाषिक संज्ञांतील साम्य

मराठी व्याकरणाची आधुनिक मांडणी होत असताना संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही व्याकरणपरंपरांचा आधार घेतला गेला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ आला. दामले हे कवी केशवसुतांचे बंधू होत आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव होय. या परंपरेतून शालेय व्याकरणात साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती अशी काळाच्या उपप्रकारांची विभागणी रूढ झाली. 'मी आंबा खाल्ला' हा साधा भूतकाळ आणि 'मी आंबा खाल्ला आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ, असे कोष्टक प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असते. इंग्रजीच्या तासाला त्याच कोष्टकासमोर 'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' ही रूपे मांडली जातात. कोष्टक सोयीचे असले तरी त्यातून रूपांचे साम्य तेवढे कळते, उपयोगाचे साम्य कळत नाही.

रूपाच्या बाबतीतही एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. इंग्रजी रचनेत 'हॅव' म्हणजे 'जवळ असणे' या अर्थाचे क्रियापद सहाय्यक म्हणून येते. मराठीत या अर्थाचे स्वतंत्र क्रियापदच नाही, येथे 'असणे' हे अस्तित्ववाचक क्रियापद येते. शिवाय सकर्मक क्रियापदाचे धातुसाधित कर्माशी जुळते. 'मी पत्र लिहिले आहे' आणि 'मी चिठ्ठी लिहिली आहे' या वाक्यांत क्रियापद बदलते ते कर्माच्या लिंगानुसार. म्हणजेच 'लिहिलेल्या अवस्थेतील चिठ्ठी आता अस्तित्वात आहे' असा अर्थ या रचनेच्या मुळाशी आहे. मराठी रूपाचा कल अवस्थेकडे किंवा क्रियेच्या फळाकडे का असतो, हे यावरून समजते.

इंग्रजीतील भेदाचे स्वरूप

इंग्रजीतील भेद समजून घेण्यासाठी हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये मांडलेली त्रिबिंदू कल्पना आजही उपयुक्त ठरते. घटना घडली तो घटनाकाल, वाक्य उच्चारले जाते तो उच्चारकाल आणि वक्ता ज्या काळाच्या दृष्टीने घटनेकडे पाहतो तो संदर्भकाल, अशी ही तीन बिंदू होत. साध्या भूतकाळात संदर्भकाल घटनेजवळ असतो. वक्ता मनाने मागे जाऊन 'तेव्हा' काय झाले ते सांगतो. पूर्ण वर्तमानकाळात संदर्भकाल उच्चारकालाजवळ असतो. वक्ता 'आता' या बिंदूवर उभा राहून मागे घडलेल्या घटनेकडे पाहतो. घटना दोन्हींत भूतकाळातीलच असते. वेगळी असते ती वक्त्याची जागा.

बर्नार्ड कॉम्री यांनी १९७६ मधील आपल्या 'आस्पेक्ट' या ग्रंथात परफेक्टचे चार उपयोग सांगितले आहेत. ते पुढीलप्रमाणे होत.

१. परिणामदर्शक : 'आय हॅव लॉस्ट माय की.' किल्ली हरवली आणि ती अजून सापडलेली नाही.

२. अनुभवदर्शक : 'शी हॅज व्हिजिटेड गणपतीपुळे.' आयुष्यात केव्हातरी, निदान एकदा.

३. सातत्यदर्शक : 'ही हॅज टॉट हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' पूर्वी सुरू झालेली स्थिती अद्याप चालू आहे.

४. नजीकच्या भूतकाळाचे दर्शक : 'द बस हॅज जस्ट लेफ्ट.'

या चारही उपयोगांत समान सूत्र असे की, ज्या कालावधीचा विचार केला जातो तो 'आता'पर्यंत येऊन पोहोचतो. त्यामुळेच काल, गेल्या वर्षी, १९९८ मध्ये यांसारखे संपलेल्या काळाचे निश्चित निर्देशक इंग्रजीत या रूपाबरोबर येत नाहीत. १९९२ मध्ये वोल्फगांग क्लाइन यांनी 'लँग्वेज' या नियतकालिकातील लेखात या निर्बंधाचीच 'प्रेझेंट परफेक्टचे कोडे' म्हणून चर्चा केली. घटना काल घडली हे सत्य असताना 'हॅज कम यस्टर्डे' म्हणण्यास आडकाठी का असावी, असा तो प्रश्न आहे. जर्मन भाषेत 'काल' या अर्थाच्या शब्दाबरोबर परफेक्टचे रूप सहज वापरले जाते. यावरून हा निर्बंध सार्वत्रिक तर्काचा नसून इंग्रजीच्या स्वतःच्या व्यवस्थेचा भाग आहे, हे स्पष्ट होते. विद्यार्थ्याला तो तर्काने सुचत नाही याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

'काल' आणि मराठीची तीन वाक्ये

दोन्ही भाषांतील अंतर स्पष्ट होण्यासाठी पुढील तीन मराठी वाक्ये पाहावीत.

(अ) तो काल आला.
(आ) तो काल आला आहे.
(इ) तो काल आला होता.

पहिल्या वाक्यात केवळ घटनेचे कथन आहे. दुसऱ्यात तो आला आणि अजून येथेच आहे, असे सूचित होते. तिसऱ्यात तो आला आणि बहुधा परत गेला, असा बोध होतो. तिन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत आणि तिन्हींत 'काल' हा शब्द आहे. मराठी वक्ता येथे रूपाची निवड काळावरून करीत नाही. येण्याच्या क्रियेचे फळ आज शिल्लक आहे की नाही, यावरून करतो.

इंग्रजीत 'यस्टर्डे' हा शब्द वापरायचा ठरल्यावर सर्वसाधारण कथनात एकच रूप उरते : 'ही केम यस्टर्डे.' दुसऱ्या वाक्याचा अर्थ सांगायचा असेल तर 'ही केम यस्टर्डे अँड इज स्टिल हिअर' अशी जोड द्यावी लागते किंवा 'ही हॅज बीन हिअर सिन्स यस्टर्डे' अशी रचना बदलावी लागते. तिसऱ्या वाक्यासाठी विद्यार्थी 'ही हॅड कम यस्टर्डे' असे लिहितो. परंतु इंग्रजीतील 'हॅड'ला भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या बिंदूची अपेक्षा असते. तो बिंदू संदर्भात नसेल तर 'हॅड' निराधार राहतो. 'मी गेल्या वर्षी मुंबईला गेलो होतो' या वाक्याचे इंग्रजी रूप 'आय वेंट टू मुंबई लास्ट इयर' एवढेच होते.

थोडक्यात सांगायचे तर, भूतकाळातील घटनेसाठी रूप निवडताना इंग्रजीत कालावधी संपला की चालू आहे हे आधी पाहिले जाते आणि मराठीत फळ उरले की संपले हे आधी पाहिले जाते. अनेकदा दोन्ही कसोट्यांचे उत्तर एकच येते आणि भाषांतर बिनचूक होते. उत्तरे भिन्न येतात तेथे मराठीभाषक विद्यार्थी मराठीची कसोटी लावतो. 'आय हॅव पास्ड बी.ए. इन २०१८' या वाक्यामागे हेच आहे. पदवी आजही जवळ आहे, म्हणून मराठीत 'मी २०१८ मध्ये बी.ए. उत्तीर्ण झालो आहे' हे योग्यच. इंग्रजीत मात्र २०१८ हे वर्ष संपले असल्याने पदवी जवळ असूनही 'आय पास्ड' असेच म्हणावे लागते. वर्ष वगळले तर 'आय हॅव पास्ड बी.ए.' हे वाक्य निर्दोष ठरते.

दिवंगत व्यक्ती आणि विद्यमान स्थळे

कालावधीची कसोटी कर्त्यालाही लागू होते. अनुभवदर्शक परफेक्टमध्ये कर्त्याचे आयुष्य हाच कालावधी असल्याने कर्ता सामान्यतः हयात असावा लागतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मधील निधनापर्यंत रत्नागिरीत होता. 'थिबा राजाने रत्नागिरीत वास्तव्य केले आहे' हे मराठी वाक्य व्याख्यानात किंवा लेखात खटकत नाही. 'किंग थिबॉ हॅज लिव्ह्ड इन रत्नागिरी' हे इंग्रजी वाक्य मात्र खटकते, कारण त्यातून राजा हयात असल्याचा भास होतो. तेथे 'लिव्ह्ड' हवे. उलट 'रत्नागिरी हॅज नोन मेनी एक्झाइल्स' म्हणजे 'रत्नागिरीने अनेक निर्वासित पाहिले आहेत', हे वाक्य पूर्णपणे योग्य आहे. निर्वासित काळाआड गेले असले तरी वाक्याचा कर्ता असलेले शहर विद्यमान आहे.

'ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे' किंवा 'लोकमान्यांनी लिहिले आहे' ही मराठी लेखनातील नित्याची रचना होय. ग्रंथ उपलब्ध आहे, वचन टिकून आहे, म्हणून मराठीत 'आहे' येते. इंग्रजीत अशा ठिकाणी ग्रंथाच्या दृष्टीने साधा वर्तमानकाळ किंवा लेखकाच्या दृष्टीने साधा भूतकाळ हा अधिक रूढ मार्ग आहे. संशोधनपर लेखन इंग्रजीत करणाऱ्या अध्यापकांनाही ही बाब उपयोगी पडू शकेल.

अवस्थावाचक क्रियापदांचा प्रश्न

मराठी '-ला आहे' हे रूप काही क्रियापदांच्या बाबतीत क्रियेपेक्षा चालू अवस्थाच दाखवते. 'तो बाकावर बसला आहे' याचे इंग्रजी 'ही इज सिटिंग ऑन द बेंच' असे होते. 'बाळ झोपले आहे' म्हणजे 'द बेबी इज अस्लीप'. 'तिने साडी नेसली आहे' म्हणजे 'शी इज वेअरिंग अ सारी'. 'मला भूक लागली आहे' म्हणजे 'आय ॲम हंग्री'. या चारही वाक्यांत मराठी रूप पूर्ण वर्तमानकाळाचे आहे, परंतु इंग्रजीत परफेक्ट कोठेही नाही. केवळ कोष्टकावर विसंबणारा विद्यार्थी 'ही हॅज सॅट' किंवा 'शी हॅज वोर्न' असे लिहितो. बसणे, झोपणे, उभे राहणे, नेसणे, घालणे, लागणे या क्रियापदांची एक छोटी यादी वर्गात स्वतंत्रपणे दिल्यास हा दोष बऱ्याच अंशी टळू शकतो.

साध्या भूतकाळाची मराठीतील व्याप्ती

याउलट काही ठिकाणी मराठीचा साधा भूतकाळ इंग्रजी परफेक्टच्या क्षेत्रात शिरतो. स्थानकावर पोहोचताच 'गाडी आत्ताच गेली' असे ऐकू येते. ब्रिटिश इंग्रजीत येथे 'हॅज जस्ट लेफ्ट' अपेक्षित असते. 'जेवलास का?' या प्रश्नाचे इंग्रजी 'हॅव यू ईटन?' असे होते. घरातून हाक आल्यावर 'आलो, आलो' असे उत्तर दिले जाते, तेव्हा तर क्रिया व्हायचीच असते आणि इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' म्हणावे लागते. अमेरिकन इंग्रजीत 'जस्ट', 'ऑलरेडी' व 'येट' या शब्दांबरोबर साधा भूतकाळ मोकळेपणाने वापरला जातो. त्यामुळे 'डिड यू ईट येट?' हे वाक्य चित्रपटांत ऐकलेल्या विद्यार्थ्याला ते सरसकट चूक आहे असे सांगणे योग्य होणार नाही. ब्रिटिश प्रघात आणि अमेरिकन प्रघात असा भेद त्याच्यासमोर ठेवावा.

नकारार्थी वाक्यांत ही गुंतागुंत वाढते. 'विद्यार्थ्याने शुल्क भरले नाही' या वाक्यातून मुदत संपली की अजून बाकी आहे, हे कळत नाही. संदर्भाने ते कळते किंवा 'अजून भरलेले नाही' असे म्हणून स्पष्ट करता येते. इंग्रजीत 'डिड नॉट पे' म्हटले की मुदत संपली आणि संधी गेली, असा ग्रह होतो. 'हॅज नॉट पेड' म्हटले की शुल्क भरण्याची शक्यता अद्याप उरते. महाविद्यालयीन पत्रव्यवहारात या दोन वाक्यांतील अंतर विद्यार्थ्याच्या हिताशी थेट निगडित असते.

'पासून' आणि चालू स्थिती

'मी पाच वर्षांपासून येथे शिकवतो' या वाक्यात मराठीत साधा वर्तमानकाळ येतो. स्थिती आज चालू आहे, एवढे मराठीला पुरते. इंग्रजीत प्रारंभ भूतकाळात झाल्याची नोंद क्रियापदात करावी लागते, म्हणून 'आय हॅव टॉट हिअर फॉर फाइव्ह इयर्स' किंवा 'आय हॅव बीन टीचिंग' असे म्हटले जाते. शिवाय मराठीतील 'पासून' हे शब्दयोगी अव्यय प्रारंभबिंदू आणि कालावधी या दोहोंना लागते. 'दोन हजार वीसपासून' आणि 'पाच वर्षांपासून' ही दोन्ही रूपे मराठीत चालतात. इंग्रजीत प्रारंभबिंदूसाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर' अशी विभागणी आहे. 'सिन्स फाइव्ह इयर्स' ही चूक येथून उद्भवते.

या ठिकाणी रूपाची चूक अर्थाची चूक होते. अनुभवाच्या प्रमाणपत्रात 'शी वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असे लिहिले तर ती व्यक्ती नोकरी सोडून गेली असा अर्थ होतो. 'शी हॅज वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असे लिहिले तर ती अद्याप सेवेत आहे असे समजले जाते. वाचणाऱ्याने नेमणुकीचा निर्णय या एका वाक्यावरून घ्यायचा असेल, तर 'हॅज' असणे वा नसणे ही केवळ व्याकरणाची बाब राहत नाही.

परिच्छेदातील क्रम

सुटी वाक्ये शिकवताना एक महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहते. इंग्रजी संभाषणात आणि वृत्तलेखनात विषयाला आरंभ बहुधा परफेक्टने होतो आणि तपशील साध्या भूतकाळात दिला जातो. 'हॅव यू एव्हर ट्रॅव्हल्ड बाय द कोकण रेल्वे?' या प्रश्नाला होकार मिळाल्यावर पुढचा प्रश्न 'व्हेन डिड यू ट्रॅव्हल?' असा येतो. पहिल्या प्रश्नात संपूर्ण आयुष्याचा उघडा कालावधी आहे, दुसऱ्यात एक विशिष्ट प्रसंग निश्चित झाला आहे. लेखनातही 'द कोकण रेल्वे हॅज चेंज्ड लाइफ इन रत्नागिरी' असा आरंभ करून 'द होल लाइन ओपन्ड इन १९९८' असा तपशील देता येतो. मराठीभाषक विद्यार्थी पहिल्या वाक्यात 'हॅज' आल्यावर संपूर्ण परिच्छेदात तेच रूप चालू ठेवतो. वाक्यांऐवजी परिच्छेद हे अध्यापनाचे एकक मानल्यास हा क्रम विद्यार्थ्याच्या सहज लक्षात येऊ शकतो.

अध्यापनविषयक सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतात.

१. कोष्टकाऐवजी 'तो काल आला', 'आला आहे', 'आला होता' या त्रयीपासून पाठाचा आरंभ करावा. मराठीतील सूक्ष्म भेद विद्यार्थ्याला आधीच अवगत असतो. तो त्याच्याकडूनच वदवून घ्यावा आणि नंतर इंग्रजीची कसोटी वेगळी असल्याचे दाखवावे.

२. रूप निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. संपलेला निश्चित काळ वाक्यात सांगितला आहे का, किंवा संदर्भाने अभिप्रेत आहे का? असल्यास साधा भूतकाळ. नसल्यास, विचारात घेतलेला कालावधी आतापर्यंत येतो का? येत असल्यास परफेक्ट.

३. एकाच शब्दामुळे होणारा बदल दाखवावा. सकाळी दहा वाजता 'आय हॅव नॉट हॅड टी धिस मॉर्निंग' म्हणता येते. सायंकाळी तेच 'आय डिड नॉट हॅव टी धिस मॉर्निंग' असे होते, कारण सकाळ संपलेली असते.

४. अर्ज, प्रमाणपत्र, सूचना आणि वृत्त या प्रत्यक्ष व्यवहारातील मजकुरांवर सराव द्यावा. रूप बदलल्यावर वाचणाऱ्याचा कोणता समज बदलतो, हे प्रत्येक वेळी विचारावे.

५. उत्तरपत्रिका तपासताना केवळ खूण करून न थांबता 'काळ संपला आहे' किंवा 'स्थिती चालू आहे' असे दोन शब्द लिहावेत. त्यामुळे चुकीचे कारण विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते.

समारोप

साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतील भेद मराठीभाषक विद्यार्थ्याला अपरिचित नाही. त्याची मातृभाषा हा भेद करते, किंबहुना 'काल' या शब्दाबरोबर ती इंग्रजीपेक्षा अधिक बारकाईने तो करते. भिन्न आहे ती भेदाची कसोटी. संज्ञा समान असल्याने ही भिन्नता झाकली जाते आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला कारण न समजलेली लाल खूण येते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची मातृभाषा इंग्रजीच्या वर्गात अडथळा मानली जाण्याचे प्रसंग कमी नाहीत. प्रस्तुत विषयापुरते तरी असे म्हणता येईल की, मराठी वाक्यांचे नीट विश्लेषण केल्यास तीच इंग्रजीच्या या प्रकरणाची सर्वांत जवळची वाट ठरते. त्यासाठी इंग्रजी आणि मराठी या दोन विभागांतील अध्यापकांनी व्याकरणाचे असे घटक एकत्रितपणे शिकवण्याचा विचार करणे उचित होईल.